सोनतुऱ्याचा रकाना

हिएतावारा, ११ डिसेंबर २०१८

एन्सिओ,

मला कमी ऐकू येते असे डॉक्टरांनी लेखी दिले आहे, म्हणून हे पत्र लिहावे लागत आहे. नाहीतर लिहिले नसते. साडेसात वर्षे लिहिले नाही, पुढेही निभले असते.

प्रकार असा झाला. गेल्या महिन्यात शेजारची ताइमी अंडी घेऊन आली ती दारातच थबकली.

"हिल्का, घरात पाखरू पाळलंयस का?"

"काय बडबडतेस?"

"मग हे चिवचिवतंय काय?"

छताला लावलेले, धुराची सूचना देणारे यंत्र होते. बॅटरी संपत आली की ते दर मिनिटाला टिवटिवते. ताइमी एक्याऐंशी वर्षांची आहे. तिचे गुडघे गेले, दात गेले, पण तिला ते फाटकापासून ऐकू आले. मी आठवडाभर त्याच्याच खाली बसून शब्दकोडी सोडवत होते. "तू जळून कोळसा झालीस तरी तुला पत्ता लागायचा नाही," असे म्हणत तिने मला स्टुलावर चढवले आणि खालून स्टूल धरून उभी राहिली. बॅटरी बदलून झाल्यावर म्हणाली, "आता गप्प झालं." मला आधीही ते गप्पच होते.

शहरात जाऊन कान तपासून घेतले. तपासणारी मुलगी माझ्या शेवटच्या विद्यार्थिनींच्या वयाची, नाकात चांदीची कडी. कागदावरची रेघ मला दाखवत म्हणाली, "बोलणं तुम्हाला छान ऐकू येतं. टीव्ही, फोन, चर्चमधलं गाणं, काही अडचण नाही. फक्त अगदी वरचे, बारीक आवाज गेलेत. वयानं जातातच. रोजच्या आयुष्यात त्यांचा तसा काही उपयोग नसतो."

"कुणाच्या रोजच्या आयुष्यात?"

ती गोंधळली. मी म्हटले, "सोनतुरा नावाचा पक्षी आहे. पाच ग्रॅमचा. डोक्यावर पिवळी रेघ. उणे तिसातही इथंच राहतो. तो ऐकू येईल का?"

तिने संगणकावर शोधून त्याचा आवाज लावला. पडद्यावर रेघा हलू लागल्या.

"वाजतोय?" मी विचारले.

"हो! किती गोड आहे. बारीक घंटीसारखा."

मला तिच्या खुर्चीची करकर तेवढी ऐकू येत होती. कानात घालायचे यंत्र मिळेल, पण तेही इतक्या वरचे स्वर आणत नाही म्हणाली.

तर आता कामाचे. हिवाळ्यातल्या पक्षिमोजणीची मधली फेरी पंचवीस डिसेंबर ते सात जानेवारीच्या आत व्हायला हवी. बाबांनी वाट आखली १९५८ साली, आणि तेव्हापासून एकही हिवाळा चुकलेला नाही. सोनतुरा हिवाळ्यात स्प्रूस झाडांच्या शेंड्यांमध्ये राहतो, दिवस जेमतेम साडेचार तासांचा, आणि तोही निळसर अंधुक. तो दिसत नाही, ऐकावा लागतो. खोडावर सरपटत चढणाऱ्या खोडचढ्या पक्ष्याचेही तेच. ज्याला हे दोन ऐकू येत नाहीत त्याने मोजणीदार म्हणवून घेऊ नये. पक्षिसंग्रहालयाला कळवले तर ते एखादी हुशार मुलगी पाठवतील, पण तिला आपली अकरा किलोमीटरची वाट कोण दाखवणार? ओढ्याचे न गोठणारे वळण, जळका बुंधा, जिथे थांबून पाच मिनिटे नुसते ऐकायचे ती सात ठिकाणे. ती मला आणि तुला ठाऊक आहेत. तुझे कान बाबांवर गेले आहेत.

ओउलूहून येणारी बस सकाळी सव्वा नऊला फाट्यावर थांबते. तारीख तू ठरव. जुने काही उकरण्याची गरज नाही. कामापुरते बोलू.

ऐकू येणे केव्हापासून कमी झाले, ते त्या मुलीला नक्की सांगता आले नाही.

इथे उणे अठरा आहे. चार दिवस वारा नाही, झाडांवर बर्फ तसेच लादलेले आहे. सकाळी दूधगाडीच्या जुन्या वाटेने तलावापर्यंत चालत गेले. बर्फ इतके कोरडे आहे की पायाखाली बटाट्याचे पीठ तुडवल्यासारखे वाजते. (ते मला ऐकू येते.) लाल फळांच्या झाडावर बुलफिंच पक्ष्यांची जोडी होती, नर टोमॅटोसारखा फुगून बसला होता. त्याने एक फळ फोडले, गर टाकून दिला, बी खाल्ली. नाकपुड्या चिकटेपर्यंत उभी राहिले. हे अशासाठी लिहिले की मोजणी बंद करावी असा सल्ला ताइमी देते आहे आणि तो मला मान्य नाही.

हिल्का

१७ डिसेंबर

एन्सिओ,

तुझे कार्ड मिळाले. एवढ्या मोठ्या कार्डावर एकच शब्द लिहिण्याला काटकसर म्हणत नाहीत. "केव्हापासून?"

ठीक आहे. मागच्या पत्रातले शेवटून दुसऱ्या परिच्छेदातले वाक्य खोटे आहे. त्या मुलीने सांगितले होते. मी विचारले, तिने कागद उजेडाकडे धरला आणि म्हणाली, "इतका उतार एका वर्षात होत नाही. दहा वर्षं तरी झाली असतील. बहुधा जास्तच."

दहा वर्षे म्हणजे २००८. तू तुझ्या वाटणीच्या जंगलात झाडे तोडून विरळणी केलीस २००९ च्या शरदात.

घरी येऊन वह्या काढल्या. २००६ ला सोनतुरे चौदा. २००७ ला अकरा. २००८ ला सात. विरळणी झाल्यावर तीन. त्याच्या पुढच्या वर्षी शून्य. मी नेहमी शेवटचे दोन आकडे पाहिले होते. आकडे तुझी करवत चालू होण्याच्या आधीच उतरायला लागले होते, आणि ते माझ्याच अक्षरात, एकाखाली एक होते. नववीच्या मुलाने अशी चूक केली असती तर मी त्याला फळ्यापाशी उभे केले असते.

तू विसरला नसशील, तरी लिहिते. २८ डिसेंबर २०१०. उणे बावीस. आपण दोघे शेवटचे एकत्र चाललो तो दिवस. ओढ्याच्या वळणावर तू हात वर केलास.

"चार."

"काय चार?"

"सोनतुरे. तुझ्या डोक्यावर. अगं, केवढा गोंधळ घातलाय त्यांनी!"

मी श्वास रोखून उभी राहिले. मला टोपीखाली माझ्याच रक्ताची धडधड ऐकू येत होती, आणि ओढा. बाकी काही नाही.

"दाखव."

"आता कसे दाखवू? पार शेंड्याला आहेत, वर बर्फाचे गोळे."

"मग नाहीत."

तू हसलास. मी थट्टा करते आहे असे तुला वाटले. मग मी वही उघडली आणि शून्य लिहिले, तेव्हा तुझा चेहरा बदलला. बाबांचा नियम मी तुला ऐकवला: मोजणीदाराने स्वतः पाहिलेले किंवा स्वतः ऐकलेले तेवढेच. मोजणीदार म्हणून नाव माझे होते. परतीच्या वाटेवर कुक्केली या धीट रानपाखरांची जोडी आपल्या मागे झाडाझाडावरून येत राहिली, तू खिशातला चीजचा तुकडा काढून हात लांब केलास, आणि एक तुझ्या बोटांवर येऊन बसला. तोही मीच लिहिला: कुक्केली, दोन.

सभागृहातले मला तुला सांगायला नको. मार्च महिना, गावमंडळाची वार्षिक सभा, सात घरांनी त्यांच्या जंगलाची विरळणी तुझ्याकडून करून घ्यायचे ठरवले होते. मी वही घेऊन उभी राहिले आणि आकडे वाचले. तू म्हणालास, "डिसेंबरात बाबांच्या वाटेवर मी चार ऐकले. तूही तिथंच उभी होतीस." मी म्हटले, "ऐकलेस की ऐकायचे होते? लाकूडवाल्याला जंगलात हवं ते ऐकू येतं." लोक हसले. हसणे ऐकून मला जोर चढला. मी म्हटले, "बाबांच्या वहीसमोर खोटं बोलू नकोस, एन्सिओ."

सातही घरे फिरली. मे महिन्यात तू लाकूड ओढायचे यंत्र विकलेस आणि संसार आवरून माइरेला घेऊन ओउलूला गेलास. तिथे तू इमारतींच्या अंगणातले बर्फ काढतोस, हे मला ताइमीकडून कळले.

त्या वेळी मला जे ठाऊक होते त्यावरून मी बोलले. माझा हेतू जंगल वाचवण्याचा होता. आता चुकीचे कारण सापडले आहे, तर ती चूक मी मान्य करते.

मोजणीसाठी कोणती तारीख सोयीची ते कळव.

हिल्का

२१ डिसेंबर

एन्सिओ,

काल माइरेचा फोन आला. तू तिला सांगितले नसणार, म्हणून मी सांगते. ती आधी नेहमीसारखी हवापाण्याचे बोलली, मग म्हणाली, "तुझं पत्र वाचून तो खाली बर्फ काढायला गेला. दोन तास झाले."

"मग?"

"तीन दिवसांत बर्फ पडलेलं नाही इकडं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हिल्का, एक विचारू? तुला कान हवेत की भाऊ हवाय? कान हवे असतील तर कुणीतरी पोरगी बोलव. पुष्कळ आहेत, त्यांना आवड असते. ह्या माणसाला कामाला लावू नकोस. त्यानं तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मला म्हणाला, 'अजून काहीतरी आहे. ती असं लिहिते तेव्हा अजून काहीतरी असतं.'"

"असं म्हणजे कसं?"

"'हेतू' वगैरे."

शाळेच्या स्वयंपाकघरात तिने वीस वर्षे काढली. शिक्षकखोलीतल्या कुणालाही ती घाबरत नसे, मला तर नाहीच.

अजून काहीतरी आहे.

२४ फेब्रुवारी २०११. हिवाळ्याच्या शेवटच्या फेरीला मी एकटी निघाले होते, तुला बोलावले नव्हते. उणे नऊ आणि लख्ख ऊन. बर्फावर रात्रीचा कडक थर धरला होता, स्कीविना चालता येत होते, पाय बुडत नव्हता. झाडांच्या सावल्या निळ्या पडल्या होत्या. उघड्या माळावर मी काळ्या रानकोंबड्यांच्या अगदी जवळ गेले असणार, कारण माझ्या पायापुढचे बर्फ फुटले आणि त्यातून एकामागून एक पाच पक्षी उसळून उडाले. रात्रभर ते त्याच्या आत पुरून बसले होते. मी घाबरून बसकण मारली आणि मोठ्याने हसले. एकटीच. चौसष्टाव्या वर्षी बर्फात बसून हसणारी बाई कुणी पाहिली नाही हे बरे झाले. खूप दिवसांनी इतके हलके वाटत होते. हे सगळे लिहिते, कारण त्या दिवशी मी थकलेली, चिडलेली किंवा आजारी होते असे मला म्हणता येणार नाही.

ओढ्याच्या वळणावर थांबले. तिथे एका कोवळ्या स्प्रूसची खालची फांदी वाटेवर आलेली आहे. तिच्यावर, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, सोनतुरा होता. सुईसारखी पाने उलटून काहीतरी वेचत होता. पिवळी रेघ, काळी किनार, टाचणीच्या डोक्याएवढा डोळा. त्याने माझ्याकडे पाहिले. मग चोच उघडली, मिटली, उघडली, मिटली. गळा थरथरत होता. आवाज नव्हता.

मी किती वेळ उभी होते, ठाऊक नाही. थंडीने पेन्सिल बोटांतून सुटली, ती बटणाला दोरीने बांधलेली होती म्हणून हरवली नाही. पक्षी उडून गेला.

पाहिलेले लिहायचे, हा नियम. मी पाहिला होता. आयुष्यात कुठलाही सोनतुरा इतक्या जवळून पाहिला नव्हता. मी वहीत शून्य लिहिले.

स्वतःला सांगितले की थंडीने तो जांभया देत असेल. पक्षी थंडीने जांभया देत नाहीत. मी छत्तीस वर्षे जीवशास्त्र शिकवले आहे. तीन आठवड्यांनी सभा होती, कागद तयार होता, सगळे आकडे शून्याकडे उतरत होते आणि हा एक मध्ये आला होता. त्याहून वाईट म्हणजे त्याची चोच. तो एक लिहिला असता तर चोचीचेही लिहावे लागले असते, आणि मग डिसेंबरातले तुझे चार.

तेव्हा सभेत खोटे कोण बोलत होते हे मला ठाऊक होते. मी चुकले नव्हते, एन्सिओ. मी तुला खोटारडा म्हटले ते स्वतःला वाचवायला. मग पुढची सात वर्षे तेच शून्य लिहीत राहिले, कारण पहिले खरे करायचे तर पुढची लिहावीच लागतात.

माइरेच्या प्रश्नाचे उत्तर तुलाच देते. वाट थांबू नये हे मला हवेच आहे, ते नाकारणार नाही. पण तू कधीच आला नाहीस तरी हे पत्र मला टाकायचे आहे. त्यावरून काय ते समज.

नाताळच्या सणाला स्मशानात बाबांच्या दगडावर मेणबत्ती लावीन. तुझ्या वतीनेही एक लावीन, दरवर्षी लावते.

हिल्का

२७ डिसेंबर

एन्सिओ,

तुझे दुसरे कार्ड सणाच्या आदल्या दिवशी आले. "मला सांगून काय होणार? तू मला खोटारडा घरात म्हणाली नव्हतीस."

बरोबर आहे.

काल सणाच्या दुसऱ्या दिवसाची कॉफी सभागृहात होती. चाळीसेक माणसे होती. वेलचीचा पाव, हॅम, ताइमीची गाजराची खीर. पक्ष्यांसाठी ओटची पेंढी मुलांनी दाराबाहेर खांबाला बांधली होती, तिच्यावर पिवळ्या छातीचे बंटिंग पक्षी जमले होते. मी वही घेऊन उभी राहिले तेव्हा दोघेतिघे म्हणाले, "अरे देवा, आता मोजणी ऐका." मी २४ फेब्रुवारीचे पान वाचले, आणि जे पानावर नव्हते तेही सांगितले. चोचीचेही. सभेत मी काय बोलले होते ते शब्द न बदलता पुन्हा म्हटले आणि सांगितले की एन्सिओ खरे बोलत होता, मला तेव्हाही ठाऊक होते.

टाळी, रडे, काही झाले नाही. कॉफीच्या भांड्याचा आवाज येत राहिला. मग रेइनो, त्या सात घरांतला पहिला, कपाळ खाजवत म्हणाला, "एवढंच ना? चहाच्या चमच्याएवढ्या पाखरावरून आता..."

"पाखरावरून नाही रे," ताइमी म्हणाली, "माणसावरून."

"पण मला तरी काय माहीत? ही बाई, शिक्षिका, वही हातात..."

"तुझ्या बायकोनं तेव्हा सांगितलं होतं ना, एन्सिओ खोटं बोलणाऱ्यातला नाही म्हणून? मी ऐकलंय. मला ऐकू येतं."

रेइनोची बायको पावाचा तुकडा कॉफीत बुडवत राहिली. नंतर कोट चढवताना ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "हे आधी सांगायला हवं होतं, हिल्का. आता आम्ही त्याच्याकडे कोणत्या तोंडानं बघायचं?" तिला माझा राग आला होता. मला वाटते इतरांनाही आला. सात वर्षे दोष एका जागी नीट ठेवलेला होता, तो मी उचलून सगळ्यांच्या ताटात वाढला. मला कुणी घरी सोडले नाही. चालत आले. उणे चोवीस होते. तलावाच्या काठाने येताना ते मला बरे वाटले.

आज सकाळी गावच्या साप्ताहिकाला तेच सगळे लिहून पत्र टाकले आहे. पक्षिसंग्रहालयालाही लिहिले: २००७ पासून आजवरच्या फेऱ्यांतले सोनतुरा आणि खोडचढ्या हे दोन रकाने मोजणीतून काढावेत, आणि २४ फेब्रुवारी २०११ च्या ठिकाणी एक, पाहिलेला, असे करावे. बाबांच्या मालिकेला त्यामुळे मध्ये अकरा हिवाळ्यांचे भोक पडेल. ते त्यांना आवडले नसते. चुकीचे भरलेले त्याहून कमी आवडले असते.

मी पाच जानेवारीला सकाळी साडेनऊला वाटेच्या तोंडाशी उभी असेन. मोठा थर्मास घेईन. तू आला नाहीस तरी मी चालेन, दिसतील ते पक्षी मोजीन. पण त्या दोन रकान्यांत यंदा शून्य लिहिणार नाही. तिथे लिहीन: ऐकणारा नव्हता. हे मी डिसेंबर २०१० ला लिहायला हवे होते. पण तेव्हा तेही खरे ठरले नसते, कारण ऐकणारा शेजारी उभा होता.

लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड घालून ये. यंदा ओढ्याच्या काठाला पातळ बर्फ आहे, पाणी वर येते.

हिल्का

सुपूर्द केल्याची नोंद
हिएतावारा, शनिवार, ५ जानेवारी २०१९, दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटे

देणारी: हिल्का कार्पिनेन. घेणारा: एन्सिओ कार्पिनेन.

१. मोजणीच्या वह्या, १९५८ ते २०१८, एकूण नऊ. पाचवीवर कॉफीचा डाग आहे, तो बाबांचा.

२. वाटेचा नकाशा, थांबण्याची सात ठिकाणे खुणा केलेली. जळका बुंधा गेल्या वादळात पडला. त्याच्या जागी कोणते झाड धरायचे ते आज एन्सिओने ठरवले, खूण त्याने केली.

३. बाबांची दुर्बीण. डाव्या काचेवर ओरखडा. कातडी पिशवीचे बक्कल तुटलेले.

४. २८ डिसेंबर २०१० ची नोंद: शून्य मी आज खोडले, शेजारी चार लिहिले, खाली दोघांच्या सह्या. एन्सिओ म्हणाला, नियमात बसत नाही, मोजणीदार तू होतीस. मी म्हटले, संग्रहालयाला पाठवत नाही, वहीत राहू दे. त्याने सही केली.

५. २४ फेब्रुवारी २०११ चे पान. मी ते कापून वेगळे द्यायला निघाले होते. त्याने वही मिटून काखेत घेतली.

६. आजच्या फेरीचा तक्ता, भरलेला. उणे एकोणीस, वारा नाही, साडेनऊ ते दोन. डोमकावळे तीन, रामगंगा अकरा, सुतार दोन, कुक्केली दोन, रानकोंबडे नाहीत. खोडचढ्या एक. सोनतुरे सहा: ऐकले सहा, ऐकणारा एन्सिओ. ओढ्याच्या वळणावर त्याने हात वर केला, मी थांबले, त्याने बोटांनी आकडा दाखवला, मी लिहिला. दाखव म्हटले नाही.

७. मोजणीदाराच्या नावाचा रकाना. त्यात यापुढे एन्सिओचे नाव.

शेरा: कॉफी फाटकापाशी उभ्यानेच घेतली. घरात येण्यासाठी मी एकदा म्हटले. त्याने "आज नको" म्हटले. मी पुन्हा म्हटले नाही. बस तीन वाजून पाच मिनिटांनी.

पेन्सिल द्यायची राहिली.

(याखालचे अक्षर एन्सिओचे)

वरील सर्व मिळाले. पेन्सिल मुद्दाम घेतली नाही. उणे विसात हातमोजा काढून मला ऐकता आणि लिहिता दोन्ही येत नाही. पुढची फेरी फेब्रुवारीअखेर. तेव्हा ती पेन्सिल तिच्या बटणालाच बांधलेली असावी.

ए. का.